जोडीदाराला ल्युकेमिया झालाय: सोबत करणाऱ्याने कुठून सुरुवात करावी

ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, निदान फार झटपट होतं. अंगावर काढलेला ताप उतरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून साधा सीबीसी करतात. सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी लॅबमधूनच फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी आपण हिमॅटॉलॉजिस्टसमोर, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञासमोर, बसलेलो असतो. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये चार डॉक्टरांना विचारायला थोडे दिवस मिळतात. अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात ते बहुधा मिळत नाहीत. त्यामुळे नवरा किंवा बायको म्हणून आपलं काम काय, हे शिकायलाही सवड नसते.

माझ्या नवऱ्याला एएमएल हा अक्यूट ल्युकेमिया झाला तेव्हा मी जे शिकले आणि नंतर वॉर्डात, धर्मशाळेत भेटलेल्या कुटुंबांकडून जे कळलं, ते इथे लिहिते आहे. औषधांचे निर्णय डॉक्टरांचे, त्यात मी शिरत नाही. पण डॉक्टरांच्या दोन भेटींमधले दिवस आपले असतात. हे आजारपण एकट्याने निभावण्यासारखं नाही. मदत लागणारच आहे, तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात मागायला लागा. पार दमून गेल्यावर कोणाला काय सांगावं हेही सुचत नाही.

१. आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या

नुसतं 'ब्लड कॅन्सर' पुरत नाही. प्रकारावरून पुढची दोन वर्षं कशी जाणार हे ठरतं.

एएमएल असेल तर पहिल्या केमोसाठी, म्हणजे इंडक्शनसाठी, साधारण महिनाभर अ‍ॅडमिट राहावं लागतं. नेहमीची पद्धत म्हणजे सात दिवस सायटाराबिन आणि त्यातले तीन दिवस डाउनोरुबिसिन. औषध आठवड्यात संपतं. खरा कठीण काळ त्यानंतरचे दोन-तीन आठवडे, जेव्हा काउंट्स, म्हणजे रक्तपेशींचे आकडे, तळाला गेलेले असतात. त्यापुढे केमोच्या आणखी फेऱ्या किंवा बोन मॅरो ट्रान्सप्लांट. एएलएल हा दुसरा अक्यूट प्रकार; त्याचे उपचार दोन ते अडीच वर्षं चालतात, पाठीच्या मणक्यातूनही इंजेक्शनं द्यावी लागतात आणि शेवटचा लांबलचक टप्पा घरी गोळ्या घेण्याचा असतो. एपीएल हा एएमएलचाच एक प्रकार. त्यात सुरुवातीचे दिवस रक्तस्रावामुळे धोक्याचे असतात, पण ते निभावले तर एट्रा आणि आर्सेनिक या औषधांनी बहुसंख्य पेशंट बरे होतात. सीएलएल या संथ वाढणाऱ्या प्रकारात कित्येकदा काहीच न करता फक्त लक्ष ठेवतात आणि घरच्यांचा त्यावर विश्वास बसत नाही.

सीएमएल हाही संथ प्रकार, पण त्याचं चित्र सगळ्यांत वेगळं. रोज एक गोळी, नोकरी चालू, संसार चालू. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिस कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि इमॅटिनिबच्या, म्हणजे याच औषधाच्या, भारतीय गोळ्या आवाक्यात राहिल्या. इथे सोबत्याचं काम गोळी न चुकू देण्याचं. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणारे पेशंट खूप असतात, आणि सुरुवातीला दर तीन महिन्यांनी होणारी बीसीआर-एबीएल ही आजार किती उरलाय ते मोजणारी रक्ततपासणी ते लगेच दाखवून देते. फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा सीएमएलच्या पेशंटांचा आधारगट आहे. याच आजारासोबत अनेक वर्षं जगणारी माणसं तिथे भेटतात.

२. केमो लागण्याआधी विचारायचे प्रश्न

सलाईन सुरू झाल्यावर हे विचारायचं राहून जातं. पुढे मूल हवं असेल तर पुरुषाने केमोआधी वीर्य साठवून ठेवायची सोय आहे आणि ते एका दिवसात होतं. बाईच्या बाबतीत एवढा वेळ नेहमी मिळतोच असं नाही, पण विचारायलाच हवं. डॉक्टर घाईत असतात, पेशंट बधिर झालेला असतो, सासू-सासरे बाजूला उभे असतात. म्हणून हा प्रश्न नवऱ्या-बायकोपैकी जो धड उभा आहे त्याने विचारायचा.

दुसरा प्रश्न ट्रान्सप्लांटचा. लागण्याची शक्यता असेल तर सख्ख्या भावा-बहिणींची एचएलए, म्हणजे दाता जुळतो का ते बघणारी, तपासणी कधी करायची ते विचारा. प्रत्येक सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. पूर्ण जुळणारं कोणी नसेल तर आई-वडील किंवा मुलं अर्धे जुळणारे दाते होऊ शकतात, आणि दात्रीसारख्या नोंदणी संस्थेत बाहेरचा दाताही शोधतात. आणि ट्रान्सप्लांटचा विचार असेपर्यंत या जवळच्या नातेवाइकांचं रक्त किंवा प्लेटलेट पेशंटला देऊ नयेत असं डॉक्टर सांगतात. भाऊ मोठ्या प्रेमाने ब्लड बँकेत जाऊन उभा राहतो. त्याला आधीच सांगून ठेवा.

तिसरा प्रश्न केमो देण्याच्या नळीचा: हाताच्या शिरेतून पिक लाईन घालणार की छातीत पोर्ट बसवणार, आणि तिचं ड्रेसिंग व फ्लशिंग (नळी आतून धुणं) घरी आल्यावर कोण करणार.

३. एक वही, एक फाईल

फाईलमध्ये रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, नवीन सगळ्यात वर. बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री आणि सायटोजेनेटिक्सचे रिपोर्ट वेगळ्या प्लॅस्टिक पाकिटात ठेवा. प्रत्येक कागदाचा मोबाईलवर फोटो आणि चार-पाच झेरॉक्स हव्यातच, कारण पुढे प्रत्येक अर्जाला हेच कागद जोडावे लागतात.

वही साधी, शंभर पानी पुरे. प्रत्येक पानावर तारीख आणि आडवे रकाने: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या), प्लेटलेट, सर्वात जास्त ताप, काय चढवलं. खाली उरलेल्या जागेत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. राउंडला डॉक्टर दोन-तीन मिनिटं थांबतात. तेवढ्यात वही उघडून 'काल प्लेटलेट अकरा हजार होत्या, रात्री एकदा नाकातून रक्त आलं' असं सांगता आलं की उत्तर नेमकं मिळतं.

एएलएलच्या गोळ्यांच्या टप्प्यात एक गोष्ट डोळ्यात तेल घालून सांभाळायची. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, मर्कॅप्टोप्युरिन रोज. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी ठरवून दिलेला वार मार्करने पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा, 'फक्त गुरुवार' असा, आणि ते पाकीट बाकीच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवू नका.

४. रक्तदात्यांची यादी

मदत मागण्याचा सराव इथे होतो. मित्र, ऑफिसातले लोक, सोसायटीतले शेजारी सगळे म्हणतात, 'काही लागलं तर सांगा.' त्यांना खरोखर सांगा.

प्लेटलेट दोन तऱ्हेने मिळतात. साध्या रक्तदानातून थोड्या थोड्या वेगळ्या काढलेल्या, त्या आरडीपी. आणि एकाच दात्याला मशिनवर घेऊन काढलेल्या, त्या एसडीपी. एसडीपीला दीड-दोन तास लागतात, दात्याच्या दंडाची शीर चांगली लागते, वजन ५० किलोच्या वर लागतं, त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर लागतात आणि आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेली चालत नाही. निघालेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात. म्हणून दहा जण एकाच दिवशी आले तर उपयोग नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक जण हवा असतो.

ही यादी तुम्ही स्वतः सांभाळू नका. दीर, मेहुणी, ऑफिसातला एखादा विश्वासू सहकारी, अशा एकाकडे ते काम देऊन टाका. निरोप असा असावा: 'ओ पॉझिटिव्ह एसडीपी दाता हवा. बुधवारी सकाळी १०, अमुक हॉस्पिटल, ब्लड बँक, दुसरा मजला. नाश्ता करून या, तीन तास हाताशी ठेवा. समन्वयासाठी फक्त या नंबरवर फोन करा.' पेशंटचा आणि तुमचा नंबर त्यात घालू नका. नाहीतर तो निरोप महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि पेशंट झोपलेला असताना फोन वाजत राहतात.

५. ताप

लेखातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. काउंट्स कमी असताना १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे तातडीची वेळ. सकाळी ओपीडीत दाखवू, असं म्हणायचं नाही. एएनसी ५०० च्या खाली असताना साधा जंतूही काही तासांत रक्तात पसरतो, आणि अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात मिळावं असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो.

घरी डिजिटल थर्मामीटर ठेवा, दोन ठेवा. ताप काखेत किंवा तोंडात मोजायचा, गुदद्वारात कधीच नाही. डॉक्टरांना न विचारता क्रोसिन देऊ नका, ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. ताप नसताना हुडहुडी भरली तरी तीच तातडी, विशेषतः लाईन फ्लश केल्यानंतर. स्टेरॉइड चालू असलेल्यांना ताप कित्येकदा येतच नाही. फक्त मलूल होतात, बोलणं तुटक होतं, बीपी उतरतं. अशा वेळी जोडीदाराची नजर थर्मामीटरपेक्षा भरवशाची.

एक पिशवी दाराजवळ भरलेली असू द्या: फाईलची झेरॉक्स, शेवटचा सीबीसी, आधार आणि रेशनकार्ड, विम्याचं कार्ड, चार्जर, एक जोडी कपडे, थोडी रोख. रात्री गाडी घेऊन कोण येणार हे आधीच ठरवून ठेवा, आणि त्याच्या पाठीला दुसरं नाव. कॅज्युअल्टीत पोचल्यावर लांबण लावू नका: 'ल्युकेमियाचा पेशंट आहे, अमुक तारखेला केमो झाली, काउंट्स कमी आहेत, ताप १०१ आहे.' एवढं एका दमात सांगितलं की ड्यूटीवरचा नवखा डॉक्टरही रांगेत थांबवत नाही.

६. जेवण, घर आणि पाहुणे

काउंट्स कमी असताना ताजं आणि पूर्ण शिजलेलं, एवढा एक नियम. मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, पूर्ण उकडलेलं अंडं. कोशिंबीर, उसाचा रस, भेळ, पाणीपुरी, बाहेरच्या चटण्या बंद. वरून पेरायची कोथिंबीर आणि ओलं खोबरं हेही कच्चंच असतं. ते आमटी उकळतानाच घाला, चव तीच राहते. फळं जाड सालीची, आपल्या हाताने सोललेली. घरच्या दह्याबद्दल प्रत्येक युनिटचं मत वेगळं असतं, आपल्या डॉक्टरांचं ऐका. तोंड आलं की गार, पातळ, बिनतिखटाचं, आणि दिवसातून चार-पाच वेळा मीठ-सोड्याच्या पाण्याने गुळण्या.

घरातल्या कुंड्या आणि फुलदाणी गॅलरीत ठेवा, मातीत बुरशी असते. शेजारी बांधकाम चालू असेल तर खिडक्या बंद. केमोनंतर साधारण ४८ तास पेशंटची उलटी, लघवी साफ करताना ग्लोव्हज घाला आणि फ्लश दोनदा करा.

ल्युकेमिया संसर्गजन्य नाही. ताट-वाटी वेगळी करणं, मुलांना लांब ठेवणं याची काही गरज नाही; सर्दी-खोकला असलेल्यांना मात्र लांब ठेवायचं, मग ते मूल असो की मावशी. भेटायला येणारे अंगारा, तीर्थ, प्रसाद आणतात. ते श्रद्धेने आणतात, म्हणून तोडून बोलवत नाही. अंगारा देवापाशी ठेवा, पेशंटच्या तोंडात जाऊ देऊ नका. प्लेटलेट वाढायला पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा असे सल्लेही भरपूर येतील. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेले पेशंट मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत, आणि केमोत यकृतावर आधीच ताण असतो. डॉक्टरांना न सांगता काहीच नको, आणि 'नको' म्हणण्याचं काम तुमचं. पेशंटला वाईटपणा घ्यायला लावू नका.

७. पैसा: आधी अर्ज, मग बिल

इथे सगळ्यात मोठं नुकसान उशिराने होतं. बहुतेक सरकारी आणि धर्मादाय मदत हॉस्पिटलच्या एस्टिमेटवर मंजूर होते आणि थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाते. भरून टाकलेल्या बिलाचे पैसे परत मिळत नाहीत. म्हणून अ‍ॅडमिट झाल्याबरोबर समाजसेवा विभागात जाऊन मेडिकल सोशल वर्करला भेटा. दागिने मोडायच्या, जमीन गहाण टाकायच्या आधी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, चौकशीसाठी १५५३८८. आयुष्मान भारतसाठी १४५५५. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर गाव सोडण्याआधीच दुरुस्ती करून घ्या, मुंबईत बसून ते फार जड जातं. गोव्यातल्या कुटुंबांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात चौकशी करा.

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन विचारा. हे भीक मागणं नाही, कायद्याने दिलेली सोय आहे. खाट नाही म्हणाले तर लेखी मागा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात जा. याशिवाय मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, आणि इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन यांसारख्या संस्था आहेत. सगळीकडे एकाच वेळी अर्ज करा. काही मोठ्या संस्था फक्त लहान मुलांसाठी आहेत. तिथे हेलपाटा घालण्याआधी वयाची अट विचारून घ्या.

नोकरदारांनी तीन गोष्टी बघाव्यात. मेडिक्लेममधली खोलीभाड्याची मर्यादा, कारण त्याहून महागडी खोली घेतली तर कित्येक पॉलिसींत बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विमा, असेल तर कॅन्सरसाठी वाढीव आजारपण भत्ता, पगाराच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. आणि जुन्या करप्रणालीत उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत, पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा.

८. मुंबईत राहायचं असेल तर

परळच्या टाटा हॉस्पिटलात जनरल आणि प्रायव्हेट असे दोन वर्ग आहेत, खर्चात मोठा फरक पडतो. फाईल काढतानाच नीट विचार करा. ट्रान्सप्लांट टाटाच्याच खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये होतात, तेव्हा राहायची सोय बघताना ते लक्षात घ्या. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही दोन नावं प्रत्येकाला माहीत हवीत. हॉस्पिटलची फाईल लागते आणि समाजसेवा विभागाची चिठ्ठी असली की बरं पडतं. जागा लगेच मिळेलच असं नाही, पण रोज जाऊन विचारणाऱ्याचा नंबर लागतो. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. टाटाच्या डॉक्टरांनी आखून दिलेले उपचार घराजवळ घेता येतील का, हे विचारायला संकोच नको.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

९. तुम्ही दोघं

एएलएलमध्ये स्टेरॉइड चालू असताना माणूस बदलतो. रात्री दोनला भूक लागते, क्षुल्लक कारणावरून भांडी आपटली जातात, साखर वाढते, झोप उडते. ते औषध बोलत असतं. कोणत्या दिवसांत स्टेरॉइड आहे ते कॅलेंडरवर लिहा आणि घरच्यांना सांगून ठेवा. त्या दिवसांत पैशाचे, भावकीचे विषय काढू नका.

शरीरसंबंधांबद्दल डॉक्टर आपणहून सहसा बोलत नाहीत. काउंट्स आणि प्लेटलेट फार कमी असताना थांबायचं, उपचार चालू असेपर्यंत निरोध वापरायचा, दिवस राहू द्यायचे नाहीत. एका पलंगावर झोपायला, हात धरायला, केस गळलेल्या डोक्यावरून हात फिरवायला काहीच हरकत नाही. पेशंटला महिनोन्‌महिने सुया टोचणारेच हात लागत असतात.

निदान पेशंटपासून लपवायचा आग्रह घरातली मोठी माणसं धरतात. मला तो पटत नाही. कॅन्सर वॉर्डात बसलेल्या माणसाला सगळं कळत असतं, लपवाछपवीमुळे त्याला फक्त बोलायला कोणी उरत नाही. मुलांनाही वयाप्रमाणे खरं सांगा, आणि शाळेतल्या बाईंना.

स्वतःसाठी आठवड्यातून एक रात्र सुट्टी घ्या. रविवारी रात्री दीर, भाऊ, मित्र, कोणीतरी वॉर्डात झोपेल आणि तुम्ही घरी, हे पहिल्याच आठवड्यात लावून घ्या. तुमच्या बीपीच्या, थायरॉइडच्या गोळ्या पेशंटच्या डब्याशेजारी ठेवा म्हणजे चुकणार नाहीत. रात्री मन आवरेना झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

१०. पुढचं

बँकेचं खातं जोडखातं करणं, नॉमिनी तपासणं, पासवर्ड लिहून ठेवणं ही कामं पेशंट घरी आणि बरा असतानाच उरका. आजार उलटला किंवा औषधाला दाद देईनासा झाला तर पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांना लवकर भेटा. वेदना, धाप, अस्वस्थता यांवर ते इलाज करतात आणि ते चालू असताना केमो बंद करावीच लागते असं नाही. घरी राहायचं की हॉस्पिटलात, हे पेशंटला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या.

उपचार पूर्ण झाले तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं तपासणीची एकही तारीख चुकवू नका, आजार उलटण्याची भीती त्याच काळात जास्त असते. लसी कोणत्या आणि कधी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि ज्या डिस्चार्ज समरीत केमोचे एकूण डोस लिहिलेले असतात ती कायमची जपा. डाउनोरुबिसिनचा परिणाम हृदयावर कित्येक वर्षांनीही दिसू शकतो, आणि तेव्हा समोर बसलेला हृदयरोगतज्ज्ञ आधी हेच विचारेल की औषध एकूण किती गेलं होतं.